आजारपणातील श्रद्धा आणि प्रार्थना : रुग्ण, कुटुंब आणि धर्मग्राम यांच्यासाठी

कोल्हापूर हे जसे तालमींचे आणि गुळाचे शहर आहे, तसेच ते रुग्णांचेही शहर आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सर्वांच्या 'सीपीआर'च्या आवारात कोणत्याही सकाळी उभे राहिले तर चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड येथून आलेली माणसे दिसतात. घाट चढून सिंधुदुर्गातून आलेली आणि निपाणी-चिकोडीच्या सीमाभागातून आलेली कुटुंबेही तेथे असतात. कोणी केसपेपर हातात धरून रांगेत असतो, तर कोणी डबा घेऊन जिन्यावर बसलेला असतो. या गर्दीत आपली कॅथलिक कुटुंबेही असतात. त्यांचे धर्मग्राम दूर राहिलेले असते, ओळखीचे कोणी जवळ नसते आणि जपमाळ पिशवीच्या तळाशी गेलेली असते.

अशा वेळी श्रद्धा टिकवायची म्हणजे नेमके काय करायचे? प्रार्थना करावी असे सर्वच सांगतात. परंतु वेदनेने जीव कासावीस झाला असता ती कशी करावी, हे फारसे कोणी सांगत नाही. धर्मगुरूंना केव्हा बोलवावे, रुग्णाभ्यंग संस्कार कोणासाठी असतो, औषधोपचार आणि नवस यांचा मेळ कसा घालावा, आणि सर्व करूनही माणूस बरा झाला नाही तर देवाने ऐकले नाही असे समजावे काय, हे प्रश्न आपल्या घराघरांत विचारले जातात. त्यांची उत्तरे पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेची शिकवण आणि संतांचे जीवन यांच्या आधारे एकत्र द्यावीत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आजार ही शिक्षा आहे काय?

आजारी माणसाच्या उशाशी सर्वांत आधी येऊन बसतो तो हाच प्रश्न. 'माझे काय चुकले?' असे रुग्ण स्वतःला विचारतो. काही वेळा भेटीला आलेली माणसेही, बोलून न दाखवता, तेच विचारत असतात. ही समजूत फार जुनी आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी. येशूने दोन्ही पर्याय नाकारले. त्या माणसाच्या आंधळेपणाचा हिशेब मांडण्याऐवजी त्याने त्याला दृष्टी दिली.

ईयोबाच्या ग्रंथातही हाच धडा आहे. ईयोबाचे तीन मित्र आले, त्याची अवस्था पाहून रडले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहिले. तेथवर त्यांनी योग्यच केले. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि 'तुझेच काही पाप असले पाहिजे' असा युक्तिवाद सुरू केला. ग्रंथाच्या शेवटी देव ईयोबावर नव्हे, तर त्या मित्रांवर रागावतो. भेटीस जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. 'तुमची श्रद्धा कमी पडली' हे वाक्य कोणत्याही रुग्णाजवळ उच्चारले जाऊ नये. ते सांत्वन तर नव्हेच, शिवाय ख्रिस्ती शिकवणही नव्हे.

आपल्या सवयींमुळे काही आजार होतात, हे खरे आहे. तंबाखू आणि दारू यांनी आपल्या अनेक घरांचे नुकसान केले आहे. परंतु कारण आणि परिणाम यांचे ते नाते आहे. देवाने उगारलेली छडी नव्हे. अशा रुग्णालाही दोष देण्याची नव्हे, आधाराची गरज असते.

तक्रार हीदेखील प्रार्थना आहे

आजारी माणसाने सतत हसतमुख राहून देवाचे आभार मानले पाहिजेत, असा एक समज आपल्याकडे आहे. पवित्र शास्त्राचा अनुभव निराळा आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे ही विलापाची आहेत. त्यांत हाडे दुखल्याची, झोप न लागल्याची, मित्र दुरावल्याची आणि देव गप्प असल्याची गाऱ्हाणी आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. मात्र ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने ते गाळलेले नाही. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या दैनिक प्रार्थनेत, शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेसाठी तेच नेमलेले आहे. म्हणजे ज्या रुग्णाला आज आशेचा एकही शब्द सुचत नाही, त्याच्या वतीने संपूर्ण ख्रिस्तसभा दर शुक्रवारी रात्री बोलत असते.

स्वतः प्रभू येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा अशी विनंती केली आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. विनंती आधी आणि समर्पण नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा याचना केली, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात सांगतो. काटा गेला नाही. परंतु देवाची कृपा पुरेशी आहे, हे त्याला उमगले. तेव्हा बरे होण्यासाठी मागणे मागण्यात कमीपणा नाही आणि मागणे मान्य झाले नाही म्हणून ती प्रार्थना वाया गेली असेही नाही.

औषध आणि प्रार्थना

कॅथलिक पवित्र शास्त्रात असलेल्या बेन सिरा या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे. औषधी वनस्पती देवानेच जमिनीतून उगवल्या आणि शहाणा माणूस त्यांचा तिरस्कार करीत नाही, असा त्याचा आशय आहे. रुग्णाने प्रार्थना करावी, अंतःकरण शुद्ध करावे आणि मग वैद्यालाही जागा द्यावी, असा क्रम हा ग्रंथ देतो. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे.

आपल्या परिसराच्या इतिहासातही याचे दाखले आहेत. १८९६ साली मुंबईत आलेली प्लेगची साथ पुढे दक्षिण महाराष्ट्रात पोहोचली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी वस्त्या मोकळ्या करून लोकांना गावाबाहेर माळावर राहण्यास नेले आणि उपचारांची व्यवस्था केली. त्याच काळात मुंबई बेटावरील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक वस्त्यांतून लोकांनी साथ टळावी म्हणून क्रूस उभारले. गिरगाव, वांद्रे या भागांत असे क्रूस आजही पाहावयास मिळतात. संध्याकाळी क्रूसापुढे जमून जपमाळ म्हणायची आणि दिवसा आरोग्याचे नियम पाळायचे, या दोन गोष्टींत विरोध असण्याचे कारण नाही.

प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. कोल्हापुरातील मेरी वॉनलेस रुग्णालय त्यांच्या पत्नीच्या नावाने ओळखले जाते. ही माणसे आपल्या पंथाची नव्हती. परंतु शस्त्रक्रिया आणि प्रार्थना यांना एकाच सेवेची दोन अंगे मानणारी होती. हा वारसा आपण सर्व ख्रिस्ती बांधवांनी अभिमानाने सांगावा असा आहे.

म्हणून स्पष्टच सांगावयाचे तर प्रार्थनासभेला जाऊन आल्यावर इन्सुलिन बंद करणे, रक्तदाबाची गोळी टाकून देणे, केमोथेरपी अर्ध्यावर सोडणे किंवा क्षयरोगाचा औषधक्रम मोडणे म्हणजे श्रद्धा नव्हे. देवाने दिलेल्या साधनाचा तो अव्हेर आहे. कोणी प्रार्थनेच्या नावाने औषध थांबवा असे सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये आणि आपल्या धर्मगुरूंच्या कानी ती गोष्ट घालावी. मनाच्या आजारांनाही हेच लागू आहे. नैराश्य हा श्रद्धेचा दुबळेपणा नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत.

नवसाविषयीही दोन शब्द. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, हृदय अर्पण करणारी माणसे आपण पाहतो. वेलंकणीला आणि जुन्या गोव्याला जाणारेही अनेक आहेत. नवस हा देवाशी केलेला सौदा नसून कृतज्ञतेचे वचन आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. उपचारांसाठी ठेवलेले पैसे नवसापायी खर्च करू नयेत. आणि शेजारच्या आजीबाईंनी मायेने जोतिबाचा अंगारा आणून दिला, तर वाद घालू नये. आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहून त्यांच्या प्रेमाचा आदर राखावा. दुखण्यात शेजार मोलाचा असतो.

रुग्णाभ्यंग संस्कार

याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आजारी माणसाने ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. रुग्णाभ्यंग संस्काराचा हा आधार आहे. मध्ययुगात हा संस्कार हळूहळू केवळ मरणोन्मुख व्यक्तीला देण्याची प्रथा पडली आणि त्याला 'अंत्याभ्यंग' म्हटले जाऊ लागले. ट्रेंट येथील परिषदेने १५५१ मध्ये त्याचे संस्कार म्हणून स्थान पुन्हा ठामपणे मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की हा केवळ अखेरच्या घटकेचा संस्कार नाही. पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी त्याचा नवा विधी घालून दिला. त्यानुसार ऑलिव्हचे तेल न मिळाल्यास अन्य वनस्पतिजन्य तेलही वापरता येते. हे तेल पवित्र सप्ताहाच्या सुमारास होणाऱ्या विशेष मिस्सामध्ये बिशप आशीर्वादित करतात.

इतके होऊनही आपल्या घरांतून अजून भीती गेलेली नाही. 'फादर आले म्हणजे सगळे संपले' असे समजून अनेक कुटुंबे धर्मगुरूंना बोलावणे लांबवतात. मग ते येतात तेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो. पापनिवेदन करण्याची, पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची, आपल्या माणसांसह प्रार्थना म्हणण्याची त्याची संधी गेलेली असते. रुग्णाला घाबरवू नये म्हणून आपण जे करतो, त्यानेच त्याचा आधार हिरावला जातो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ठाऊक करून घ्याव्यात.

गंभीर आजार झालेल्या, वार्धक्याने फार थकलेल्या किंवा गंभीर आजारामुळे शस्त्रक्रियेस सामोऱ्या जाणाऱ्या कोणत्याही कॅथलिक व्यक्तीला हा संस्कार घेता येतो. समज आलेल्या लहान मुलांनाही तो देता येतो. मृत्यू समोर दिसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा संस्कार एकदाच घ्यायचा असे नाही. रुग्ण बरा होऊन पुन्हा आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक खालावली, तर तो पुन्हा घेता येतो.

हा संस्कार केवळ बिशप व धर्मगुरू देऊ शकतात. धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवून मूक प्रार्थना करतात आणि कपाळाला व हातांना तेल लावतात. शक्य असल्यास त्याआधी पापनिवेदन होते आणि नंतर ख्रिस्तशरीर दिले जाते.

रुग्ण बेशुद्ध असला तरी, शुद्धीवर असताना त्याने हा संस्कार मागितला असता असे मानण्यास जागा असेल, तर तो देता येतो. मृत्यू झाला आहे की नाही याची शंका असल्यासही देता येतो. मृत्यू निश्चित झाल्यावर मात्र धर्मगुरू मृतासाठी प्रार्थना करतात, अभ्यंग करीत नाहीत.

घरी धर्मगुरू येणार असतील तर स्वच्छ कापड घातलेले लहान मेज, क्रूस, मेणबत्ती, पवित्र पाणी आणि पिण्याच्या पाण्याचा पेला ठेवावा. रुग्णालयात प्राणवायू सुरू असतो, तेथे मेणबत्ती लावू नये. अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळा मर्यादित असतात. म्हणून परिचारिकांना आधी कल्पना द्यावी आणि धर्मगुरूंना रुग्णाचे नाव, विभाग व खाटेचा क्रमांक कळवावा. बाहेरगावाहून उपचारासाठी आलेल्या कुटुंबांनी आपल्या धर्मग्रामातून निघतानाच फादरांना सांगावे, म्हणजे ते कोल्हापूर किंवा मिरजेतील धर्मगुरूंना कळवू शकतात. आपली चर्चेस विखुरलेली आहेत, अंतरे मोठी आहेत. वेळेवर कळवले तरच वेळेवर पोहोचणे शक्य होते.

वाटेची शिदोरी

आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर घरी नेऊन देण्याची प्रथा ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आली आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही. प्रायश्चित्तकाळातील उपवासही आजारी माणसाला बंधनकारक नाही. मधुमेही माणसाने शुभ शुक्रवारी उपाशी राहून चक्कर येऊन पडणे ही भक्ती नव्हे. मृत्यू समीप आलेल्या व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराला पाथेय, म्हणजे वाटेची शिदोरी असे म्हणतात. मरणाऱ्या माणसासाठीचा खरा अखेरचा संस्कार तो आहे, तेल नव्हे.

धर्मगुरू पोहोचूच शकत नसतील तर? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गही पाण्यामुळे बंद पडला होता. या दोन पुरांच्या मधोमध कोविडची साथ आली. २५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी झाली, चर्चची दारे बंद झाली आणि विलगीकरण कक्षात आपल्या माणसाचा हात धरणेही अशक्य झाले. त्या दिवसांत, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या संत पेत्र चौकात एकटे प्रार्थना करीत उभे राहिले. धर्मगुरूंपर्यंत पोहोचता येत नसेल तर मनापासून पश्चात्ताप करावा आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा, देव क्षमा करतो, ही ख्रिस्तसभेची जुनीच शिकवण त्या काळात पुन्हा आठवून देण्यात आली. मिस्साला जाता येत नसेल त्यांनी ख्रिस्ताने अंतःकरणात यावे अशी मनोमन इच्छा व्यक्त करावी. याला आध्यात्मिक ख्रिस्तशरीरग्रहण म्हणतात. खाटेवरच्या माणसाला ते रोज करता येते.

संतांचे आजारपण

संत अल्फोन्सा यांचा जन्म १९ ऑगस्ट १९१० रोजी केरळमध्ये झाला. कोवळ्या वयात त्यांचे पाय भाजले आणि धर्मभगिनी झाल्यावरही आजारांनी पाठ सोडली नाही. त्यांनी मोठी संस्था उभारली नाही, की दूरदेशी जाऊन प्रचार केला नाही. भरणंगानम येथील मठात बहुतेक काळ आजारपणात काढून २८ जुलै १९४६ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी त्या निवर्तल्या. १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना संतपद बहाल झाले. भारतातील त्या पहिल्या महिला संत. 'मी आता कोणाच्या उपयोगाची नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाने हे जीवन आठवावे.

गोव्यात १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ श्रीलंकेत गेले. १६९७ मध्ये कँडी येथे देवीची साथ आली. निरोगी माणसे शहर सोडून पळाली, तेव्हा त्यांनी मागे टाकलेल्या रुग्णांना अन्न दिले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना मूठमाती दिली. १४ जानेवारी २०१५ रोजी ते संत म्हणून घोषित झाले.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पुण्यात आलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांना आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिले असेल. त्याच दौऱ्यात त्यांनी अल्फोन्सा यांना धन्यवादित घोषित केले. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यातून ते वाचले. ११ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी पत्र प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये त्यांनी ११ फेब्रुवारी, म्हणजे लुर्द्स मातेचा सण, हा जागतिक रुग्णदिन म्हणून नेमला. पहिला रुग्णदिन १९९३ साली लुर्द्स येथे, तर २००२ चा मुख्य सोहळा आपल्या देशात वेलंकणी येथे झाला. पुढे कंपवाताने त्यांचे हात थरथरू लागले आणि बोलणे कठीण झाले. ते लपवून न ठेवता २ एप्रिल २००५ रोजी मृत्यू येईपर्यंत ते लोकांसमोर येत राहिले.

पोप फ्रान्सिस यांचे अखेरचे दिवसही ताजे आहेत. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ते रोममधील रुग्णालयात दाखल झाले. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाला होता. रोज रात्री संत पेत्र चौकात लोक त्यांच्यासाठी जपमाळ म्हणत होते. आयुष्यभर 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असे सांगणाऱ्या पोपमहोदयांना त्या रात्रींत लोकांच्या प्रार्थनेने उचलून धरले. २० एप्रिलला पुनरुत्थान रविवारी त्यांनी चौकातील लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रभूकडे गेले.

प्रार्थना करवत नाही तेव्हा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे जण खाटेसह उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून ते छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे तेथे म्हटले आहे. खाटेवरचा माणूस काही बोलल्याचा उल्लेख नाही. आजारपणातील प्रार्थनेविषयी याहून मोठा दिलासा नाही. ज्याला प्रार्थना करवत नाही, त्याची खाट इतरांनी उचलावी.

रुग्णासाठी लहान प्रार्थना पुरेशी आहे. येशूचे नाव श्वासागणिक घ्यावे. जपमाळेची पन्नास मणी होत नसतील तर एक दशक म्हणावे; तेही होत नसेल तर माळ नुसती हातात धरावी. क्रूस दिसेल असा ठेवावा. ज्याला वाचता येत नाही, त्याला घरातील मुलाने रोज शुभवर्तमानातील दहा ओळी वाचून दाखवाव्यात. बेशुद्ध रुग्णाच्या कानाशी ओळखीची प्रार्थना हळू आवाजात म्हणावी. संत पौल कलस्सैकरांस सांगतो त्याप्रमाणे, आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून कोणासाठी तरी अर्पण करता येते. परीक्षेला बसलेल्या नातवासाठी किंवा शेजारच्या खाटेवरील अनोळखी माणसासाठी ते अर्पण करावे. मात्र हे अर्पण रुग्णाने स्वतःहून करायचे असते. इतरांनी 'सहन कर' म्हणून लादायचे नसते.

चौघांपैकी एक जण म्हणजे धर्मग्राम. भेटीला जाताना दहा मिनिटे बसावे, कमी बोलावे, दुसऱ्यांच्या आजारांच्या कथा सांगू नयेत. जेवणाचा डबा, रात्रीची सोबत, रक्तदान, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व कागद जुळवून देणे हीसुद्धा प्रार्थनेचीच रूपे आहेत. संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेचे सभासद, युवक आणि धर्मभगिनी यांनी आपापल्या विभागातील घरी खिळलेल्या रुग्णांची यादी ठेवून ती धर्मगुरूंना द्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांचे दुखणे

रुग्णाची विचारपूस सारे करतात. त्याच्या पत्नीची, सुनेची, मुलीची विचारपूस फार थोडे करतात. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईला रविवारी मिस्साला जाता येत नाही, म्हणून तिला अपराधी वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध आहे : आजाऱ्याची देखभाल हे रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट मिळण्याचे रास्त कारण आहे. कधी तिला राग येतो, कंटाळा येतो, 'हे संपू दे' असा विचारही मनात येतो. तो विचार आला म्हणून ती वाईट ठरत नाही. ती थकलेली असते. तिला दोन तासांची सुटी देणारा शेजारी तिच्यासाठी शोमरोनी माणूसच असतो.

सर्व करूनही

काही आजार बरे होतात, काही होत नाहीत. उपचारांचा भार लाभापेक्षा फार अधिक झाला असता असाधारण उपाय थांबवून निसर्गक्रमाने येणारा मृत्यू स्वीकारणे हे ख्रिस्ती नीतीला मान्य आहे. मात्र जाणूनबुजून जीव घेणे मान्य नाही. वेदनाशामक औषधे घेण्यातही पाप नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच हे स्पष्ट केले होते. वेदना सोसलीच पाहिजे असा देवाचा हट्ट नाही.

माणूस बरा झाला नाही म्हणजे प्रार्थना फसली असे आपण म्हणतो, तेव्हा येशूने उठवलेला लाजरही पुढे एके दिवशी वारलाच, हे विसरतो. शरीराचे बरे होणे हे चिन्ह आहे. वचन आहे ते पुनरुत्थानाचे. प्रार्थनेने आजार नेहमी हटत नाही. परंतु आजारी माणूस एकटा राहत नाही, आणि भीती, राग, पश्चात्ताप, निरोप हे सारे देवासमोर ठेवण्याची वाट त्याला सापडते. आमच्या मते खरा धोका आजारात नसून त्या एकटेपणात आहे, आणि तो दूर करणे आपल्या हाती आहे.

हा लेख वाचून संपल्यावर आपल्या ओळखीच्या एका रुग्णाचे नाव आठवावे. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणावी आणि या आठवड्यात त्याला भेटून यावे. गरज दिसल्यास फादरांना आजच कळवावे, उद्यावर टाकू नये. आजाऱ्यांचे आरोग्य असलेली पवित्र मरियामाता आपल्या सर्व रुग्णांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांना आपल्या पदराखाली ठेवो, हीच प्रार्थना.